कोऱ्या चेहऱ्याची दोन मिनिटं

१२ नोव्हेंबर, बुधवार

संशोधनाच्या वहीत मत लिहायचं नसतं. बाळ अमुक सेकंदाला हसलं, तमुक सेकंदाला रडलं, बस्स. म्हणून ही दुसरी वही सुरू केली. इथे मी काय वाट्टेल ते लिहीन आणि कुणी मला पुरावा मागणार नाही.

आज विक्रोळीला कन्नमवार नगरात पहिली भेट. विक्रोळीच्या यादीतलं सातवं घर, म्हणून त्याचं नाव व्ही-सात. (खरं नाव सम्यक, वय पाच महिने. पण कागदावर नावं येत नाहीत.) आमचा प्रयोग तसा सोपा आहे. आईने बाळासमोर खुर्चीत बसायचं. दोन मिनिटं नेहमीसारखं खेळवायचं, बोलायचं. घंटी वाजली की पुढची दोन मिनिटं बाळाकडे नुसतं बघायचं. हसायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. चेहरा कोरा. पुन्हा घंटी, पुन्हा दोन मिनिटं नेहमीसारखं. एक कॅमेरा आईवर, एक बाळावर. आईचा चेहरा अचानक बंद झाल्यावर बाळ काय काय करतं, ते आम्ही मोजतो. पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात, अशा प्रत्येक घरी तीन भेटी.

माझा अंदाज असा की ज्या घरात जागा कमी आणि माणसं जास्त, तिथली बाळं स्वतःला लवकर सावरायला शिकतात. मोठ्या फ्लॅटमधल्या एकुलत्या बाळांपेक्षा लवकर. मी स्वतः दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत वाढले, तेव्हा हा अंदाज आहे की हट्ट, असं मानसी मला विचारते. मानसी माझी सहायक. हुशार आहे, पण तिला प्रत्येक बाळाची दया येते. या कामात दया परवडत नाही.

सम्यकची आई नीलम, वय एकतीस. बीएस्सी. बाळ होईपर्यंत घरातच पाचवीच्या स्कॉलरशिपचे क्लास घ्यायची. भिंतीवर अजून वेळापत्रक चिकटवलेलं आहे आणि त्याखाली तिच्या सुबक अक्षरात 'सरावाने भीती जाते'. नवरा प्रबुद्ध विमानतळावर मालाच्या विभागात, सतत रात्रपाळी, दिवसा आतल्या खोलीत झोपलेला. सासूबाई विमलाबाई, जालन्याकडच्या.

सम्यक म्हणजे नुसता आनंद. मला बघून हसला, कॅमेऱ्याला बघून हसला, स्वतःच्या पायाला बघून हसला. नीलमचा चेहरा कोरा झाला तेव्हा चौथ्या सेकंदाला त्याने तिला हसून दाखवलं. तिने काही केलं नाही तेव्हा आणखी मोठं हसून दाखवलं. मग दोन्ही हात पुढे. मग एक आवाज काढला, हाक मारल्यासारखा. एकसष्टाव्या सेकंदाला ओठ वळले आणि पोरगं हमसाहमशी रडायला लागलं. नीलमला राहवलं नाही. सत्तराव्या सेकंदाला तिने त्याला उचललंच.

दहातल्या तीन आया असं करतात. तसं झालं की भेट अर्धी वाया जाते. मी जरा फटकन बोलले, "जमलं नाही तुम्हाला. बाकीच्या करतात पूर्ण दोन मिनिटं." तिचा चेहरा एकदम पडला. शिकवणाऱ्या बाईला असं कुणी बोललं नसावं. मग मी सारवासारव केली, पुढच्या वेळी जमेल म्हटलं.

दारात चपला घालताना तिने विचारलं, "मॅडम, यात नेमकं काय बघतात?" ते आम्ही शेवटच्या भेटीपर्यंत सांगत नाही, सांगितलं की आया ठरवून वागायला लागतात. तसं मी तिला सांगितलं. मग म्हणाली, "बरं, पुढच्या वेळी जमावं म्हणून घरी करून बघितलं तर चालेल ना?" तेवढ्यात खालून रिक्षावाल्याचा दुसरा फोन. मी म्हटलं, "करा की. रोज करा." सगळ्याच आया विचारतात असं काहीबाही. चार दिवसांत विसरतात.

जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर तासभर अडकलो. बोरिवलीला घरी पोचेतो माझ्या वडिलांनी, नानांनी, भात लावून ठेवला होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलुंडच्या दोन घरांनी भाग घेणं सोडलं. दुसऱ्या भेटीआधीच! लोक टिकवायचे कसे? मला एक युक्ती सुचली: तिन्ही भेटी पूर्ण करणाऱ्या बाळाला प्रमाणपत्र. बाळाचा फोटो, संस्थेचा शिक्का, माझी सही. 'बाल विकास अभ्यास यशस्वीरीत्या पूर्ण'. छापखान्यातून नमुना आला तो झकास दिसतोय, सोनेरी काठ वगैरे.

मानसी म्हणाली, "मॅडम, 'यशस्वीरीत्या' कशाला? लोकांना वाटेल परीक्षा आहे." मी म्हटलं, "वाटू दे ना. परीक्षा म्हटली की मुंबईतला माणूस मरता मरता हजर राहतो." ती हसली नाही. तिला विनोदाचं वावडं आहे.

सगळ्या आयांना नमुन्याचा फोटो पाठवला. पहिलं उत्तर नीलमचं. 'थँक यू मॅडम. हे नर्सरी ॲडमिशनला जोडता येईल का?' मी वर केलेला अंगठा पाठवला. जोडा बाई, कशालाही जोडा.

३ डिसेंबर, बुधवार

आज नानांशी वाजलं. मी जेवताना लॅपटॉपवर घाटकोपरचा व्हिडिओ बघत होते. बाळ रडत होतं. नाना ताट घेऊन उठले.

"गो अनू, पोरांका रडवूक पगार मिळता तुका?"

समजावून सांगितलं. फक्त दोन मिनिटं, आई समोरच असते, नंतर लगेच जवळ घेते, कुठल्याही बाळाला याने काही होत नाही. हे खरंच आहे. दोन मिनिटांनी काही होत नाही. आई फोनमध्ये डोकं घालते तेव्हा याहून जास्त वेळ जातो.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. एकोणतीस वर्षं गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस, समोरच्याचं पूर्ण ऐकतो. मग म्हणाले, "रडता ता पोर बरा. गप ऱ्हवता, तेची काळजी करूची." आणि हात धुवायला गेले. म्हणी तोंडावर फेकून निघून जायची त्यांची जुनी खोड.

२६ डिसेंबर, शुक्रवार

नीलमचा मेसेज: 'मॅडम, सम्यक आता रडत नाही.' खाली हात जोडलेले.

छान. सहा महिने उलटले की बाळं रुळतातच. पुन्हा अंगठा पाठवला.

१६ जानेवारी, शुक्रवार

व्ही-सात, दुसरी भेट. काय सांगू!

आम्ही पोचलो तेव्हा सगळं मांडून तयार. खुर्ची जागेवर, समोर बाळासाठी लोड लावलेला, आणि फरशीवर खडूने चार खुणा. खुर्चीचे पाय नेमके कुठे यावेत त्याच्या. मी म्हटलं, "अहो, किती व्यवस्थित!" नीलम म्हणाली, "क्लासमध्येही मी असंच करायची मॅडम. परीक्षेच्या बाकावरच सराव घ्यायचा, म्हणजे मूल बुजत नाही." अशा आया सगळ्या घरांत असत्या तर माझं काम अर्ध्या वेळात झालं असतं.

आणि सम्यक! पहिल्या दोन मिनिटांत थोडं हसला, पूर्वीइतकं नाही. कोऱ्या चेहऱ्याला एकदा 'अं' केलं, अकरा सेकंद कुरकुरला, मग मान वळवून वर पंख्याकडे बघत बसला. रडणं शून्य. दुसरी घंटी झाली, नीलम हसून बोलायला लागली, तरी तो बराच वेळ पंख्याकडेच बघत होता. पंखा बंद होता.

नीलमने तर कमाल केली. दोन मिनिटांत पापणीसुद्धा उगाच हलली नाही. पाच वर्षांत इतका कोरा चेहरा मी पाहिला नाही. मी तिला तसं म्हटलं. पहिल्या भेटीत बोलले होते त्याची भरपाई. तिचे डोळे भरून आले.

परतताना मानसी रिक्षात पवईपाशी म्हणाली, "मॅडम, शेवटच्या दोन मिनिटांत तो तिच्याकडे बघतच नव्हता."

"नजर इतरत्र. नोंदीसाठी त्याला कोड नंबर आहे."

"कोड आहे हो. पण ती त्याला बोलावत होती ना."

मी म्हटलं, तू मोज. अर्थ मी लावते. जरा जास्तच कडक निघालं तोंडातून, पण असू दे.

ता. क. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे निळं कॅलेंडर आहे. पाणी प्यायला गेले तेव्हा दिसलं. प्रत्येक तारखेवर पेन्सिलीने आकडे. दोन, दोन, तीन, तीन, पाच, असे चढत गेलेले, शेजारी चार चार बरोबरच्या खुणा. व्हिटॅमिनचे थेंब असणार. बाई किती काटेकोर आहे बघा.

९ फेब्रुवारी, सोमवार

आकडेवारीचा पहिला हप्ता. बहुतेक बाळांमध्ये पाचव्या आणि सातव्या महिन्यांत फारसा फरक नाही. माझा अंदाज जेमतेम तग धरून आहे. पण व्ही-सात! आलेखावर तो एकटाच असा खाली उतरत गेलाय की बघत राहावं. एकसष्टाव्या सेकंदाला रडणारं बाळ दोन महिन्यांत शून्यावर. लहान घर, आजी, रात्रपाळीचा बाप, आणि तरी हा असा स्थिर. माझा सगळा प्रबंध त्या एका रेषेत आहे.

एका बाळावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मला माहीत आहे. पण उदाहरण म्हणून दाखवता येतं. एप्रिलच्या अठराला अंधेरीत परिषद आहे. माझा अर्ज स्वीकारला! वीस मिनिटं बोलायचं, त्यात व्ही-सातच्या तिन्ही भेटींचे तुकडे दाखवायचे. नऊ वर्षांनी कुणीतरी मला मंचावर बोलावतंय. नानांना सांगितलं, ते "बरां झाला" म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

१३ मार्च, शुक्रवार

व्ही-सात, तिसरी भेट. सविस्तर लिहायला हवं.

सम्यक आता नऊ महिन्यांचा. वजन ठीक, बसतो नीट. आम्ही आत गेलो तेव्हा चटईवर बसला होता, समोर दोन वाट्या आणि चमचा, पण तो खेळत नव्हता. मी टाळी वाजवली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मला ओळखलं नसेल.

विमलाबाईंनी चहा दिला. "लई गुणाचं झालंय हो आमचं लेकरू. रडतच न्हाई. परवा दाराच्या फटीत बोट चेंगरलं बघा त्याचं. मला रगत दिसलं तवा कळालं. आवाज न्हाई काढला." मी बोट बघितलं. नख काळं पडलं होतं. बाळांची वेदना सोसण्याची पातळी हा माझा विषय नाही, तरी संशोधनाच्या वहीत नोंद केली.

मग प्रयोग. नीलम खुर्चीत बसली, केस वर घेऊन क्लिप लावली. आम्ही अजून घंटीला हातही लावला नव्हता. खेळायची पहिली दोन मिनिटं बाकी होती. पण तिने क्लिप लावली आणि तेवढ्यात सम्यकने हात मांडीवर घेतले. खांदे खाली. तोंड मिटलं. डोळे तिच्या कानाशेजारच्या भिंतीवर. आणि तिथेच राहिला. नीलम हसली, टाळ्या वाजवल्या, 'सम्यू सम्यू' केलं. काही नाही. मग घंटी, कोरा चेहरा, काही नाही. मग पुन्हा घंटी, पुन्हा हसणं. काही नाही. सहाच्या सहा मिनिटं एक सरळ रेषा.

मी हे कधीच पाहिलेलं नाही. कुणीच पाहिलं नसेल.

शेवटची घंटी झाल्यावर नीलमने माझ्याकडे बघितलं. बाळाकडे नाही, माझ्याकडे. मी अंगठा वर केला. ती लहान मुलीसारखी हसली. यात नेमकं काय बघतो ते सगळ्या आयांना प्रमाणपत्र देताना एकदमच सांगू, असं तिला म्हटलं.

खाली आल्यावर मानसी गेटजवळच्या कट्ट्यावर बसली. म्हणाली, "मॅडम, हा व्हिडिओ मी मोजणार नाही. दुसऱ्या कुणाला द्या. मला तो पुन्हा बघायचा नाही." कारण विचारलं तर तिला सांगता येईना. नुसती डोळे पुसत होती. कारण सांगता येत नसेल तर ते शास्त्र नव्हे, असं मी म्हटलं. आज रागावले नाही तिच्यावर.

२२ मार्च, रविवार

मानसीने महिनाअखेर काम सोडायचं कळवलंय. सोड बाई. मीच मोजते.

आज दुपारी व्ही-सातची तिसरी भेट मोजायला बसले. बाळावरचा कॅमेरा, आवाज बंद. त्यात फक्त त्याचा चेहरा दिसतो. सेकंदा-सेकंदाला थांबवून बघायचं. चाळीस मिनिटं बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चित्र थांबवलंय की चालू आहे ते मला कळत नाहीये. कोपऱ्यातलं घड्याळ बघून ठरवावं लागत होतं.

मागे नाना कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. बराच वेळ बघत होते. मग अगदी हळू विचारलं,

"ह्या पोराची आवस जिती आसा मा?"

मी म्हटलं, "नाना, ती समोरच बसलीय त्याच्या. हसतेय. कॅमेऱ्यात दिसत नाही एवढंच."

त्यांनी जाऊन देवापाशी दिवा लावला. अजून चारसुद्धा वाजले नव्हते.

नानांची आई ते दीड वर्षाचे असताना साथीत गेली. त्यांना सगळीकडे तेच दिसतं. माझ्या रेषेला कशाला अपशकुन?

५ एप्रिल, रविवार

भाषण तयार. आरशासमोर तीनदा म्हटलं. शेवटचं वाक्य: 'या घराने आपल्याला शिकवण्यासारखं काहीतरी केलं आहे.' छान वाटतं म्हणायला.

फक्त एक राहिलंय. व्हिडिओचे तुकडे मंचावर दाखवायचे तर आईची वेगळी लेखी परवानगी लागते. गुरुवारी अंधेरीहून परस्पर विक्रोळीला जाऊन सही घेते. फोन करत नाही. फोन केला की ती बिचारी पोहे करून ठेवते.

९ एप्रिल, गुरुवार

नीट लिहायला हवं. क्रमाने.

साडेअकराला पोचले. विमलाबाईंनी दार उघडलं आणि ओठावर बोट ठेवलं. "हळू या. सराव चाललाय."

कसला, असं मी विचारलंही नाही. मला वाटलं क्लास पुन्हा सुरू केला असेल.

आत खुर्ची खडूच्या खुणांवर होती. केसांना क्लिप. नीलम कोऱ्या चेहऱ्याने बसली होती आणि समोर सम्यक, हात मांडीवर. शेजारी क्लासचं टिकटिकणारं घड्याळ. मी दारात दिसले तेव्हा नीलमने चेहरा न हलवता एक बोट वर केलं. थांबा. मी थांबले. मी खरंच थांबले! किती वेळ? घड्याळात सात मिनिटं उरली होती. ती सगळी मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि आत ती दोघं, आणि आतल्या खोलीत बापाचं घोरणं. मध्येच खाली कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न जोरात वाजला. सम्यकची पापणी लवली. बाकी काही नाही.

घड्याळ वाजलं. नीलमचा चेहरा एकदम उजळला, आणि तो माझ्याकडे वळला.

"बघितलंत मॅडम? वीस मिनिटं! एकदाही नाही."

"काय एकदाही नाही?" मी विचारलं. पण तोवर मला कळलं होतं.

तिने सगळं सांगितलं, उत्साहाने, आपल्या पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याबद्दल सांगावं तसं. पहिल्या भेटीत नापास झालो, त्या रात्री झोप लागली नाही. तुम्ही रोज करा म्हणालात. आधी दोन मिनिटं, दिवसातून एकदा. मग दोनदा. तो फार रडायचा सुरुवातीला, मीही रडायचे, पण नंतर, बाथरूममध्ये. मग लक्षात आलं की एरवी रडल्यावर घेतलं तर सरावाची सवय मोडते. म्हणून एरवीसुद्धा रडला की चेहरा तसाच ठेवायचा असं ठरवलं. सासूबाईंनाही सांगितलं. त्यानंतर पटकन प्रगती झाली. आता वीस मिनिटं, चार वेळा. मला दारामागे नेऊन कॅलेंडर दाखवलं. दोन, दोन, तीन, तीन, पाच. आठ. बारा. पंधरा. वीस. एकाही दिवसाचा खाडा नाही. सम्यक तापाने फणफणला होता त्या आठवड्यातही नाही.

"प्रमाणपत्रावर श्रेणी देता का हो मॅडम? त्याला 'अ' मिळेल ना?"

मला बोलायचं होतं. मी तोंड उघडलं असावं. पण माझा चेहरा जागचा हलेना. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. ती हसली. मी काही केलं नाही तेव्हा आणखी मोठं हसली. मग हात पुढे केला, कॅलेंडरकडे. "मॅडम?" म्हणाली. मग जरा मोठ्याने, "मॅडम, काय झालं? चुकलं का काही? मॅडम?" तिचे ओठ वळायला लागले, आणि माझ्या डोक्यात सवयीने सेकंद मोजले जात होते.

चटईवर सम्यक बसून होता. इतकं होऊनही त्याने आमच्याकडे बघितलं नाही.

मग मी सांगितलं. सगळं. हे शिकवायचं नव्हतंच. रडणं ही चूक नव्हतीच. तो पहिल्या दिवशी रडला तेच बरोबर होतं, आणि तुम्ही उचललंत तेही. नीलमने पूर्ण ऐकलं. एवढंच म्हणाली, "पण मी विचारलं होतं तुम्हाला."

१० एप्रिल, शुक्रवार

रात्री ही वही मागे उलटून पाहिली. बारा नोव्हेंबर. माझ्याच अक्षरात आहे. 'करा की. रोज करा.' आणि कॅलेंडर. आणि बोट. आणि 'मॅडम, सम्यक आता रडत नाही'. सगळं मी बघितलं होतं आणि लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

हेही लिहून ठेवते: काल तिच्या दारात उभी असताना माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते बाळ नव्हतं. माझी रेषा गेली, हे आलं. मला माझी लाज वाटते.

सकाळी संस्थेत लेखी कळवलं. परिषदेतून नाव काढून घेतलं. सगळ्या घरी फोन केले, आणखी कुणी सराव केलाय का विचारायला. कुणी नाही. मानसीला फोन केला. ती म्हणाली, "मला कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं ना मॅडम." ती येते म्हणाली.

लहान मुलांच्या एका जाणत्या डॉक्टरीणबाईंकडे तिघांना घेऊन गेले. त्यांनी तपासलं, माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि नीलमशी फार मायेने बोलल्या. वय लहान आहे, आशा आहे. आजपासून त्याने नुसतं बघितलं तरी लगेच हसायचं, बोलायचं. रडला तर धावत जायचं. किती दिवस लागतील सांगता येत नाही. नीलमने सगळं लिहून घेतलं.

येताना टॅक्सीत प्रबुद्ध म्हणाला, "मी दिवसा झोपलेला असायचो मॅडम. मला वाटायचं, किती शांत पोरगं आहे, बापाला झोपू देतं."

१२ एप्रिल, रविवार

रोज जाते. नीलमने क्लिप फेकून दिली, केस मोकळे ठेवते. खुर्ची गॅलरीत उलटी टाकलीय. खडूच्या खुणा पुसल्या, तरी फरशी तिथे जरा पांढुरकी दिसते. सम्यक बरोबर त्याच जागी जाऊन बसतो.

सकाळपासून रात्रीपर्यंत ती त्याच्याशी बोलते, गाते, घसा बसलाय. त्याची नजर भिंतीवर. कॅलेंडरवर तिने नवीन खुणा सुरू केल्यात: तो आपणहून तिच्याकडे बघेल त्याच्या. तिला म्हटलं, नको हो, आता तरी काही मोजू नका. तर म्हणाली, "मग मला कळणार कसं?" तीन दिवस, तीन कोरे चौकोन.

नाना रोज रात्री एवढंच विचारतात, "रडलां?" मी मान हलवते. नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

आज जयंती. कन्नमवार नगर सकाळपासून निळं-पांढरं. मी जाणार नव्हते, सणाच्या दिवशी माझं तोंड कशाला. पण विमलाबाईंचाच फोन आला, या म्हणून.

संध्याकाळी सगळे खाली मिरवणूक बघायला उतरलो. प्रबुद्धने रजा घेतली होती. सम्यकला पांढरा सदरा घातला होता आणि तो बापाच्या कडेवर होता, नीलम शेजारी, मानसी आणि मी दोन पावलं पुढे, त्यांच्याकडे तोंड करून. गर्दी, ढोल, निळा गुलाल. आजूबाजूला कितीतरी लहान मुलं, प्रत्येक मोठ्या आवाजाला दचकून आयांना बिलगणारी. सम्यक समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत होता.

अचानक अगदी जवळ कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. आम्ही सगळेच दचकलो. आणि सम्यक थरथरला. आधी त्याचे हात उडाले, मग तोंड उघडलं, आणि आवाज आला. फाटका, घोगरा, न वापरलेला आवाज. तो रडला! मानसीने माझा दंड घट्ट धरला. त्याने मान वळवली. बापाच्या खांद्यावरून दोन्ही हात पुढे केले आणि थेट आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. पाच महिन्यांपूर्वी बघितलं होतं तसं.

आणि नीलमचा चेहरा कोरा झाला.

तिने केला नाही. मी समोरून बघत होते, मी शपथेवर सांगेन. रडणं कानावर पडलं आणि तो आपोआप मिटला. पापणीसुद्धा हलली नाही. एक सेकंद, दोन, तीन. मग तिलाच ते कळलं. तिने दोन्ही हातांनी स्वतःचे गाल धरले, ओठ बोटांनी ओढले. "मी नाही केलं. मॅडम, हे मी नाही केलं," असं ओरडत तिने त्याला प्रबुद्धच्या कडेवरून ओढून छातीशी घेतलं, मुके घेतले, हसली, रडली, सगळं एकदम.

तोवर तो थांबला होता. तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून, हात खाली सोडून, तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.